गोरेगावच्या गिरणीचे साल

माणिक,

तू गेल्याची बातमी मीच लिहिली. चार ओळी झाल्या. नाव, गाव, हिंगोलीच्या जिनिंगमधली नोकरी, विषमज्वर, मागे पत्नी आणि दोन मुलगे. सगळे दोनदा तपासले होते, चूक एकही नव्हती. अंक छापून हातात आला तेव्हा लक्षात आले की त्या चार ओळींत तू कुठेच नाहीस. ज्या गोष्टीसाठी गोरेगाव, पुसेगाव आणि आसपासची गावे तुला ओळखत होती ती चार ओळींत बसणारी नव्हती. शिवाय ती खरी लिहायची तर तिच्यात मीही येतो. म्हणून हे वेगळे लिहितो आहे.

पाडव्याला मारुतीच्या पारावर जोशीबुवा पंचांग वाचत. यंदाचा राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, रोगराई कुठल्या दिशेला. ते संपले तरी लोक उठत नसत. मागून कुणीतरी म्हणे, "आता मिस्त्रीचं होऊ द्या." आणि तू हात जोडून, आढेवेढे न घेता, येत्या काळात यंत्रे काय काय करतील ते सांगायला लागायचास. ही रीत दुसऱ्या कुठल्या गावात असल्याचे मी ऐकलेले नाही. ती सुरूही थट्टेतच झाली. तू जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या त्या कारखान्यात, लागून दोनच वर्षे झाली होती. जोशीबुवांनी पंचांग मिटता मिटता विचारले, "काय रे माणिक, तुझं इंजिन काय म्हणतं यंदा?"

तू म्हणालास, "म्हणून राहिलं, का मी बारीक होणार."

लोक हसले. तुला हसू आले नाही. तू समजावून सांगितलेस की आज इंजिनाला अख्खे घर लागते. पुढे ते वासराएवढे होईल, त्याच्या पुढे नारळाएवढे. "अन् नारळाएवढं झालं, का ते घरात येईल. घरात आलं का पयलं चुलीपाशी बसंल. दळण, कांडण, पाणी, सारं तेच करील."

खांबापलीकडे बायका बसल्या होत्या. त्यांतून तुझी थोरली मामी म्हणाली, "मंग आमी दिवसभर करावं काय रे, माणक्या?"

"बसावं, मामी."

"आमाला बसून ठावं न्हाई."

"त्याचं यंत्र न्हाई माझ्यापाशी."

जोशीबुवा मोठ्याने हसले आणि मग म्हणाले, "मिस्त्री, एक लक्षात ठेव. माझं चुकलं तर ग्रहांवर जातं. तुझं चुकलं तर तुझ्यावर येईल."

तुझी पद्धत तू मला इंजिनघरात सांगितली होतीस. लांब पान्याचे एक टोक इंजिनाच्या पोटाला आणि दुसरे कानाला लावून तू आतला आवाज ऐकत होतास. ऐकता ऐकता म्हणालास, "बापू, पुढं कुठलं यंत्र येणार ते यंत्राकडं पाहून कळत न्हाई. बाईची कंबर कुठं दुखते, गड्याचा हात कुठं सोलतो, ते पाहावं. यंत्र तिथं येतं." मी विचारले की तसे असेल तर आपल्या भागात पहिले यंत्र सरकी काढायला का आले? जात्यावर बसणाऱ्या बाईची कंबर त्याच्या शंभर पिढ्या आधीपासून दुखत होती. यंत्र दुखते तिथे येत नाही, कुणाला तरी फायदा होतो तिथे येते. तू पाना खाली ठेवलास. "येईल तिकडं बी. येळ लागंल." हा वाद आपण दहा वर्षे घातला. तू कधी माझे मान्य केले नाहीस, मी तुझे.

तुझे सांगणे मी वहीत उतरवून घ्यायचो. वऱ्हाडातल्या साप्ताहिकात नोकरी लागल्यावरही पाडव्याला गावी येताना वही बरोबर असे. ती आता समोर आहे. घरातला दिवा तेलावाचून लागेल आणि काजळी पुसायचे काम जाईल. मोट जाईल, विहिरीतले पाणी बैलांशिवाय वर चढेल आणि बैल पोळ्यापुरते उरतील. रेडिओची पेटी आज कपाटाएवढी आहे, मग डब्याएवढी होईल, मग पोरे ती कोंबडीसारखी काखेत घेऊन हिंडतील. एके ठिकाणी तू म्हणाला आहेस की मोटारी वाढल्या की माणसे लवकर पोचतील आणि मग कुणाला घाई राहणार नाही. हे चुकल्याचे आजच दिसते. मी गेल्या महिन्यात हिंगोलीच्या मोटारीत बसलो. घाई कमी झालेली नाही, मोटारीत चढायची घाई तेवढी नवी आली आहे. बाकीच्यातले किती खरे होईल ते सांगायला आपल्यातले कुणी नसेल.

आता दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या शेवटच्या पाडव्याबद्दल.

त्या वर्षी तू प्रथमच गावाचे नाव घेतलेस. म्हणालास, गोरेगावात पिठाची गिरणी येणार. तुला आतली माहिती होती. जिनिंगचे मालक नवे इंजिन घ्यायच्या विचारात होते आणि निघणाऱ्या जुन्या इंजिनाची चौकशी आपल्या गावच्या एका व्यापाऱ्याने केली होती. मी विचारले, "केव्हा?"

"येईल."

"साल सांग."

"अरे, मी का जोशी हाय? दोन साल, तीन साल, पाच बी लागतील. जुनं इंजिन निघालं पायजे, तेल मिळालं पायजे, शेटजीचं मन राहिलं पायजे. कोण सांगावं?"

वहीत हे असेच आहे, तीन अटींसह. साप्ताहिकात ते असे आले: "गोरेगाव येथे येत्या पाडव्यापर्यंत पिठाची गिरणी सुरू होईल, असे हिंगोलीचे अनुभवी मिस्त्री माणिकराव यांचे म्हणणे आहे." आमच्या संपादकांचा नियम होता की ज्यात 'केव्हा' नाही ती बातमी नव्हे, गप्पा. जागाही तेवढीच होती. तीन अटी गेल्या, 'कोण सांगावं' गेले, आणि तू न सांगितलेले साल आले. लिहिताना मला ती काटछाट वाटली.

अंक गावात शाळामास्तरांकडे येई आणि बाजाराच्या दिवशी तो मोठ्याने वाचला जाई. ऐकणाऱ्यांत डोक्यावर टोपली घेतलेली सोनाबाई होती. नवरा गेल्यापासून ती पाच-सहा घरांचे दळण दळून द्यायची. बदल्यात मिळणाऱ्या ज्वारीवर ती आणि तिची मुलगी गोदा जगत होत्या. गिरणी आली की ही घरे तिच्याकडे येणार नाहीत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एक वर्ष हातात आहे, तेवढ्यात मुलीला मार्गी लावली पाहिजे, एवढा हिशेब तिने केला. तिने तुला विचारले नाही. छापलेले होते, विचारायचे काय? वारंग्याकडचे एक बिजवराचे स्थळ आधीपासून सांगून आले होते. मुलीच्या तिप्पट वयाचा म्हणून तिने ते दोनदा नाकारले होते. वैशाखात तिने होकार दिला. गोदा तेव्हा बारा वर्षांची होती.

तुला कळले तसा तू हिंगोलीहून सायकल मारत आलास. पोचलास तेव्हा वऱ्हाडाच्या गाड्या गेल्या होत्या. हे मला तू नव्हे, मास्तरांनी पत्रातून कळवले.

पुढच्या पाडव्याला जोशीबुवांनी पंचांग मिटले आणि कुणीच "मिस्त्रीचं होऊ द्या" म्हणाले नाही. सोनाबाई बायकांतून उठून पुढे आली.

"मिस्त्री, पाडवा आला. गिरणी कुठाय?"

"लढाई लागली, बाई. तेल मिळून न्हाई राहिलं. इंजिन निघालंच न्हाई."

"लढाईचं मला सांगू नका. गिरणी येणार म्हून म्या लेकरू दिलं. काल बी माझ्या जात्यावर दळण व्हतं, आज बी हाय. लेकरू न्हाई."

सगळे तुझ्याकडे पाहत होते. तू म्हणालास, "चुकलं माझं, सोनाबाई."

मी तुझ्यापासून दोन हातांवर बसलो होतो. वही मांडीवर होती. ती उघडून आधीच्या वर्षीचे पान वाचायला पुरता श्वासही लागला नसता. मी ती उघडली नाही. तू माझ्याकडे पाहिलेही नाहीस. पाहिले असतेस तर कदाचित बोललो असतो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. आता तेही खरे वाटत नाही.

दोन वर्षे तू पारावर बोलला नाहीस. मग लोकांनीच आग्रह धरला. पण तेव्हापासून तू जवळचे काही सांगितले नाहीस. प्रत्येक गोष्ट "माझ्या नातवाच्या टायमाला" असायची. लोकांना वाटले की मिस्त्री मोठ्या गोष्टी बोलू लागला. मला कारण माहीत होते. नातवाच्या काळातल्या यंत्राच्या भरवशावर कुणी आज मुलीचे लग्न उरकत नाही. मी पेन्सिल काढली की तू थांबायचास. "लिव, बापू. पण कोण सांगावं, ते बी लिव." त्या प्रकरणाबद्दल तू मला जे काही बोललास ते एवढेच.

दर वर्षी पोळ्याच्या सुमारास, जिनिंग बंद असताना, तू खण-नारळ घेऊन गोदाच्या सासरी जायचास. एका वर्षी मी बरोबर होतो. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशावर चालत होत्या. मागे लोखंडी पिंप, त्यात पेटलेला कोळसा, आणि त्याच्या धुरावर इंजिन. वारंगा फाट्याच्या अलीकडच्या चढावर मोटार दमली. पावसाने कोळसा भिजला होता. ड्रायव्हर खाली उतरून पंख्याचा दांडा फिरवू लागला, आम्ही सगळे ढकलू लागलो. एक म्हातारा ढकलता ढकलता म्हणाला, "तिकीट बी आमीच काढावं, अन् मोटार बी आमीच न्यावी. मंग ह्यो ड्रायव्हर काहून आणला?"

"वाट दाखवाया," तू म्हणालास.

चढ संपल्यावर तू बराच वेळ त्या पिंपाकडे पाहत होतास. "मी म्हणायचो का यंत्र पुढं पुढं जातं. ही पाय, मोटार मागं फिरून चुलीवर आली. यंत्र बी माणसासारखंच हाय, तकलीफ आली का जुनं उकरतं." मग थोड्या वेळाने: "पुढं येणार ते येईलच. पण मधी किती वाकडं जाईल, ते कुणाला दिसत न्हाई. साल तिथंच चुकतं." माझ्यासाठी हे दार उघडून ठेवल्यासारखे होते. मी फाट्यावर उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

दीड कोस चालून आपण गोदाच्या घरी पोचलो. ती पंधरा-सोळाची असेल. ओसरीवर तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. खण-नारळ तिच्या सासूने घेतले. मला ती सासुरवाशिणीची रीत वाटली. परतताना तू म्हणालास, "दर साली असंच. पण जीव धरून हाय, तेवढं दिसतं."

लढाई संपून दीड वर्ष झाल्यावर जुने इंजिन निघाले. ते गाडीवरून गोरेगावला आणून बसवायचे काम तूच केलेस. व्यापाऱ्याशी तू मजुरीबद्दल बोलला नाहीस, एक अट मात्र घातलीस: धान्य ओतायला आणि पाळी लावायला सोनाबाई राहील. ती आली. पहिल्या आठवड्यात बायकांनी तक्रार केली की गिरणीचे पीठ गरम येते आणि भाकरीला चव राहत नाही. सोनाबाई त्यांना म्हणे, "मंग जा घरी, जातं हायेच." कुणी गेले नाही. तू गिरणी तपासायला आलास की ती तुझ्याशी पट्ट्याबद्दल, तेलाबद्दल बोले. त्यापलीकडे काही नाही.

यंदा उन्हाळ्यात आपल्या निजामी मुलखात राहणे कठीण झाले तेव्हा तू घरच्यांना घेऊन वऱ्हाडात माझ्याकडे आलास. एक दिवस कचेरीत आलास. टेलिफोन उचलून कानाला लावलास, पलीकडून नंबर विचारणारा आवाज आला तसा दचकून खाली ठेवलास आणि लगेच त्याच्या तारेवरून बोट फिरवत म्हणालास, "ही तार जाणार."

"मग आवाज कशातून येईल?"

"मला काय ठावं? रेडिओचा कशातून येतो? आवाज घरोघर आपल्या पायानं येईल. तुझं हे छापील कागद मंग कोण घेईल, बापू?" आणि खळखळून हसलास. माझ्या नोकरीवर तुझा हा जुना राग होता की प्रेम, हे मला कधीच कळले नाही. त्या तीन-चार महिन्यांत सांगायला वेळ होता, एकांत होता. मी सांगितले नाही. भारताच्या फौजा आल्या, निजामी संपली, तू परत गेलास, आणि दिवाळी सरताच तार आली.

दहाव्याला गोरेगावला आलो तेव्हा गिरणीत गेलो. सोनाबाईने इंजिनाच्या आवाजात माझे सगळे ऐकून घेतले: येत्या पाडव्याचे साल माणिकचे नव्हते, माझे होते, त्याने पाच वर्षेही लागतील म्हटले होते. तिने तोंडाला बांधलेले फडके खाली ओढले.

"मिस्त्री त्या दिशी आपलं चुकलं म्हणले, तवा तुमी तिथंच व्हते ना?"

"होतो."

"मंग आता मला सांगून काय करता? गोदीला सांगा." आणि पुढच्या बाईचा डबा घेतला.

परवा मी गोदाकडे गेलो. नवरा आता म्हातारा दिसतो, तो शेतात होता. सासू वारली. त्या गावात गिरणी नाही. गोदा ओसरीच्या कोपऱ्यात जात्यावर दळत होती. शेजारी चार-पाच वर्षांची मुलगी सुपातले दाणे निवडत होती. मी बसलो आणि जे सोनाबाईला सांगितले तेच सांगितले. जाते थांबले.

"मिस्त्रीमामा साल बोललेच न्हाईत?"

"नाही. ते मी घातले."

तिने खुंट्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "सात-आठ साल आले ते. दर पोळ्याला. मला वाटायचं, ह्यांच्याच तोंडानं माझं असं झालं, अन् आता नारळ घेऊन येतात. म्या पाणी ठिवायची अन् आत जायची. एक शबूद कधी बोलले न्हाई त्यांच्यासंगं." तिने पदराने हात पुसले. "बापूमामा, तुमी हे ते जिते असताना सांगाया पायजे व्हतं."

माणिक, तुला कळावे म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. त्यांत माझी काटछाट नाही.

निघायला उठलो तेव्हा तिने विचारले, "पाराव काय सांगायचे ते? म्या ल्हान व्हते तवा ऐकलं असंल, ध्यानात न्हाई." मी वही काढली आणि परत बसलो. दिव्याचे वाचले, मोटेचे वाचले. कोंबडीसारख्या काखेतल्या रेडिओला तिची मुलगी हसली. मग ते नारळाएवढे इंजिन वाचले, जे घरात येऊन चुलीपाशी बसेल आणि दळणकांडण करील, बाईने नुसते बसायचे.

"कधी?" गोदाने विचारले.

"ते तो बोलला नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. मग मुलीकडे पाहिले, मुठीने दाणे जात्यात सोडले आणि खुंटा धरला.